आवाज वगळून

“मावशी, पट्टी थोडी खाली घेऊ या. वरचा सूर फार ताणावा लागतोय.”

“लागतोय ना? मग राहू दे.”

काचेपलीकडे भिंगने खांदे उडवले आणि पुन्हा रेकॉर्डिंग सुरू केलं.

भिंग हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कोणी साथीचा ट्रॅक घेऊन स्टुडिओत आलं, की हा आधी परवाना मागायचा आणि चष्मा कपाळावर चढवून त्यातली बारीक अक्षरं वाचत बसायचा. गिऱ्हाइकं वैतागायची. बायको म्हणायची, “नशीब माझं, लग्नाआधी माझ्या अटी वाचल्या नाहीस!”

मावशी मात्र खूश झाल्या होत्या. शाळेत मुलांना गाणं शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. रेकॉर्ड काढायची म्हटल्यावर भाचा म्हणाला, “ट्रॅक इंटरनेटवरून उचल, कोण बघतंय!” एका स्टुडिओवाल्याने आवाज मशीनने तरुण करून देण्याची तयारी दाखवली. दोघांनाही त्यांनी लांबूनच नमस्कार केला.

“मला असा माणूस हवाय,” त्या भिंगला म्हणाल्या, “की ज्याला वकीलही खोटं पाडू शकणार नाही.”

भिंगला वाटलं, कौतुक चाललंय.

गाणं प्रसिद्ध गायिका बाईसाहेबांचं. जुनं आणि घरोघरी पोचलेलं. बाईसाहेब जाऊन बरीच वर्षं झाली होती. कंपनीने मूळ रेकॉर्डमधून आवाज काढून टाकला होता आणि उरलेली साथ मागेल त्याला परवान्यावर देत होती.

*कलम दोन. ही साथ कोणालाही वापरता येईल. ती कोणा एकाच्या मालकीची होणार नाही.*

“म्हणजे उद्या आणखी दहा जणी यावरच गातील,” भिंगने बजावलं. “त्यापेक्षा माझा दोस्त नवी साथ बसवून देईल. ती फक्त तुमची.”

“नको. हीच हवी. एकदा तरी हे गाणं माझ्या नावावर लागू दे.”

*कलम पाच. मूळ आवाज या परवान्यातून वगळला आहे. गाणाऱ्याने स्वतःचाच आवाज द्यावा.*

“हे वाचलंत ना नीट?”

“पाठ आहे.”

रेकॉर्ड बाहेर पडली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. पाठोपाठ कंपनीची तक्रार आली. रेकॉर्डवर मावशींचा आवाजच नाही म्हणे! भिंगने बाईसाहेबांचा मूळ आवाज चोरून मिसळलाय. हे सिद्ध झालं असतं, तर मावशींचं नाव कायमचं पुसलं जाणार होतं आणि भिंगच्या स्टुडिओला कुलूप लागणार होतं.

भिंगच्या तोंडचं पाणी पळालं. “मावशी, मिटवून टाकू. पट्टी बदलून पुन्हा गाऊ.”

“मुळीच नाही. सुनावणीला जायचं. कच्चं रेकॉर्डिंग सगळं घेऊन ये. माझा खोकलासुद्धा.”

लांबलचक टेबल. एका बाजूला कंपनीचा वकील आणि आवाजाचा तज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला हे दोघं. मधे पंच म्हणून एक निवृत्त न्यायाधीश.

तज्ज्ञाने पडद्यावर दोन रेघा उमटवल्या. पहिली मूळ रेकॉर्डची, दुसरी मावशींच्या रेकॉर्डची. त्याने एक उचलून दुसरीवर ठेवली. श्वासाची जागा तीच, वरच्या सुरावरची बारीक थरथर तीच.

“आवाज बाईसाहेबांचाच. मशीनमधून जरा म्हातारा केलाय, इतकंच.”

“दुसऱ्या कोणाचा असूच शकत नाही?” मावशींनी विचारलं.

“छे! नकला करणारे ढीगभर ऐकलेत मी. दोन्हीकडे गळा एकच.”

“वकीलसाहेब, कंपनीही हेच म्हणते?”

“शंभर टक्के!”

“मग पंचसाहेब, तेवढं टिपून घ्या.”

भिंग कानाशी लागला. “मावशी, आपण कोणाच्या बाजूने आहोत?”

“गप बस रे.”

भिंगने कच्चं रेकॉर्डिंग लावलं. खोकला आला. “पंखा बंद कर रे” आलं. मग तो वरचा सूर.

“हेही बनवता येतं,” वकील हसला. “हल्ली काय बनत नाही?”

मावशी उठल्या. पाण्याचा एक घोट घेतला, डोळे मिटले आणि साथीशिवाय, त्याच पट्टीत, गायला लागल्या.

दाराशी चहा घेऊन आलेली बाई तिथेच थबकली. तज्ज्ञाचं मशीन चालूच होतं. पडद्यावर तिसरी रेघ सरकत आली आणि आधीच्या दोघींवर अलगद जाऊन बसली. वकिलाचं हसू मावळलं. गाणं संपलं.

“आवाज यांचाच आहे,” पंच शेवटी म्हणाले. “तक्रार फेटाळतो.”

भिंगने टेबलावर जोरात हात आपटला. “जिंकलो, मावशी!”

तज्ज्ञ मात्र पडद्यासमोरून हलला नव्हता. त्याने कानांवरचा हेडफोन उतरवला.

“पण... ही पहिली रेघ तर मूळ रेकॉर्डची आहे.”

“हो ना,” मावशी खाली बसत म्हणाल्या. “त्या दिवशी बाईसाहेबांचा घसा बसला होता.”