भारी पानं

आतल्या खोलीत अण्णा चमच्याने पेला वाजवत होते. पक्षाघाताने वाचा गेल्यापासून काही हवं असलं की ते मुलाला असंच बोलवायचे.

"आलो अण्णा!" हेरंब ओरडला, पण मोबाइलवरची नजर काही हलली नाही. ऑनलाइन पोकरच्या त्या स्वस्तातल्या स्पर्धेत सकाळपासून फालतू पानं टाकून देत तो कसाबसा तगला होता. आत्ता कुठे हातात दोन एक्के आले होते.

"पानं भारी आली की घाई करायची नाही. चेहरा कोरा ठेवायचा," गणपतीच्या जागरणाला पत्ते शिकवताना अण्णाच म्हणाले होते. इथे चेहरा कुणाला दिसत नव्हता, म्हणून हेरंबने मुद्दाम वेळ काढला. चालीसाठी दिलेला वेळ संपत आल्यावर, बिचकल्यासारखी, छोटीशीच चाल केली. आत पेला जोरजोरात वाजत होता.

समोरचा फसला. होतं नव्हतं ते सगळं लावून बसला आणि हरला.

"जिंकलो अण्णा!" पाण्याचा तांब्या घेऊन हेरंब आत धावला. पेला वाजायचा केव्हा थांबला, हे त्याला कळलंच नव्हतं.

चमचा फरशीवर पडला होता. अण्णांचे डोळे उघडेच होते, आणि चेहरा अगदी कोरा.