म्हशीचं तिसरं जनुक

"तुझा हात थरथरला असेल," सर म्हणाले. माणूस, उंदीर, गाय, सगळ्यांत आम्ही अभ्यासत असलेल्या एन्झाइमची तिन्ही जनुकं एकाच गुणसूत्रावर असतात, असं ते वर्षानुवर्षं सांगत आले होते. माझ्या स्लाइडवर म्हशीच्या तिसऱ्या जनुकाला लावलेल्या चमकत्या रंगाचा ठिपका मात्र भलत्याच गुणसूत्रावर दिसला होता.

"स्वतःच बघा ना, सर."

त्यांनी सूक्ष्मदर्शकाचा, तो रंग चमकवणारा प्रखर दिवा लावला. मग डोळाही न लावता ते मला झापत राहिले. माझ्या गावापासून फेलोशिपपर्यंत काही सोडलं नाही. शेवटी सावकाश वाकले.

"कुठाय ठिपका? सगळा अंधार आहे."

"दिवा फार वेळ चालू ठेवला की रंग उडून ठिपके कायमचे विझतात, हे तुम्हीच शिकवलंत," मी म्हणाले. "म्हणून माझी नाही, उद्या समितीला दाखवायची तुमची स्लाइड लावली होती."