तुमच्या घरचा चहा

साखराबाईंनी दोन कपबश्या सतरंजीवर ठेवल्या आणि पदराला हात पुसत समोर बसल्या. चहात आलं ठेचून घातलेलं, दूध सढळ हाताने. विष्णुपुरीच्या कॉलेजातली पोरं त्यांच्याकडच्या डब्यांवर जगत. त्या डब्यांच्या पोळ्या अर्ध्या टाकून त्या पाहुण्यांसाठी उठल्या होत्या.

पाहुणे म्हणजे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे दोन प्रचारक. पांढरे शर्ट, टाय, आणि खिशावरच्या काळ्या पाटीवर 'एल्डर', म्हणजे वडीलधारे. त्यातल्या देगलूरच्या मल्लेशला अजून मिसरूड धड फुटलेलं नव्हतं. दुसरा, महांतेश, बंगळुरूचा. त्याला मराठी येत नव्हती आणि त्याची हिंदी ऐकून नांदेडचे रिक्षावालेसुद्धा इंग्रजीवर यायचे. म्हणून तो इंग्रजीत बोले आणि मल्लेश ते मराठीत सांगे.

"त्यांना सांग, आमच्या धर्मात चहा पीत नाहीत," महांतेश हसून म्हणाला. "आणि गोड शब्दांत सांग. हे घर आपल्याला गमावायचं नाही."

नांदेडात दुसऱ्यांदा बोलावणारं हे पहिलंच घर होतं आणि महांतेश त्याला 'माझं घर' म्हणायचा.

मागच्या आठवड्यात कंधारला एका म्हाताऱ्याने फारच आग्रह केला म्हणून मल्लेशने घोटभर चहा घेतला होता. महांतेशने त्याच संध्याकाळी वरिष्ठांना फोन लावला, तोही मल्लेशला शेजारी बसवून. वर म्हणाला, "माझं तुझ्यावर प्रेम आहे म्हणून सांगितलं." वरिष्ठांनी बजावलं की पुन्हा असं झालं तर सेवा संपली, सरळ घरी. तिकडे देगलूरला मल्लेशच्या आईने, शिवगंगाने, पोरगा देवाच्या कामाला निघाला म्हणून गल्लीभर पेढे वाटलेले. अर्ध्यातून हाकललेला पोरगा घेऊन ती त्याच गल्लीत कशी वावरणार होती? तेव्हापासून मल्लेश आतल्या आत धुमसत होता. त्यात नियम असा की जोडीदाराची साथ क्षणभर सोडायची नाही. जेवताना, झोपताना, दात घासताना समोर तेच प्रेमळ तोंड.

"मावशी," मल्लेश म्हणाला, "ह्यांना तुमच्या घरचा चहा चालत न्हाई म्हणतेत."

'तुमच्या घरचा' हे दोनच शब्द त्याने पदरचे घातले होते. ते काय करतात हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्याच्या आजोबांनी ते देगलूरच्या दारादारांत ऐकले होते. महांतेशच्या हसऱ्या तोंडावर ते जाऊन चिकटले तेव्हा मल्लेशला बरं वाटलं. फारच बरं वाटलं.

साखराबाई महांतेशकडे बघत राहिल्या.

"हसत सांगून राहिलाय," त्या म्हणाल्या. "सवय असंल."

मग त्या मल्लेशकडे वळल्या. आवाज चढला नव्हता. "गावाकडं हाटेलात आमचा कप भाईर खुंटीला टांगलेला राहायचा. हितं आल्यावर तेवढं तरी सुटलं म्हणलं होतं. कुणाकुणाची लेकरं माझ्या हातचं खातेत, कोण हायेस म्हणून कुणी इचारलं न्हाई."

मल्लेशने नेम महांतेशवर धरला होता आणि लागलं भलत्याच माणसाला. एका वाक्यात सगळं निस्तरता आलं असतं. पण मग आपण खोटं बोललो हे कबूल करावं लागलं असतं, आणि महांतेश पुन्हा धुतल्या तांदळासारखा. ते काही त्याच्याने होईना.

"रागावल्या का?" महांतेशने विचारलं.

"नाही. खूश आहेत."

"आन तुला रं?" साखराबाई म्हणाल्या. "तुला बी चालत न्हाई का?"

'चालत नाही' म्हटलं तर ते दोन शब्द आता त्याचेही होणार होते. 'चालतो' म्हटलं तर रात्रीच्या आत फोन जाणार आणि देगलूरची गाडी पकडावी लागणार. त्याने कप उचलला, चहा बशीत ओतला आणि फुर्र करून प्याला. पुन्हा ओतला, पुन्हा प्याला.

"चालतो, मावशी. लई बेस झालाय."

महांतेशचे डोळे मोठे झाले. "हे मला कळवावं लागेल," तो हळूच इंग्रजीत म्हणाला. आवाज तसाच प्रेमळ.

"कळव."

रिकामा कप ठेवून मल्लेशने महांतेशच्या कपाकडे हात नेला. तोही आपणच संपवावा, बाईंचा मान राहील आणि ह्याचाही चांगला जळफळाट होईल, असं त्याच्या मनात आलं.

"त्यो ऱ्हाऊ दे," साखराबाई म्हणाल्या. "त्यो मला त्याच्या डोळ्यादेखत सांडायचाय."

त्या उठल्या, कप घेऊन दारात गेल्या, मागे वळून महांतेशच्या डोळ्यांत डोळे घातले आणि सगळा चहा गटारीत ओतला.

महांतेशचा चेहरा उजळला. परक्या धर्माचा नियम पाळायला बाई स्वतःहून उठली याचं त्याला भरून आलं. त्याने छातीशी हात जोडले आणि येत होतं ते एकुलतं एक मराठी वाक्य सावकाश, एकेक शब्द सांभाळत म्हटलं, "मावशी, लई उपकार झाले."