तटाखालचं पाणी

उरकुडाने तटाच्या प्रवेशदारात दोघांत एक मिळालेला भूदर्शक चष्मा डोळ्यांना लावला आणि पायाखालची जमीन काचेसारखी आरपार झाली. घाबरून त्याने शेजारच्या पुंडलिकचा हात धरला. गावालगतच्या जुन्या नगराच्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या तटावर दोघे म्हातारे आज पाहुण्यांसारखे आले होते.

उरकुडा जुना पाणाड्या. हे चष्मे आल्यापासून पाणी दाखवायला त्याला कोणी बोलावत नव्हतं, आणि त्याचं त्याला फारसं दुःखही नव्हतं. सलत होती ती एकच विहीर. चाळीस वर्षांपूर्वी तटाच्या पायथ्याशी त्याने पुंडलिकला पाणी सांगितलं होतं. तीस हात खोदूनही कोरडा खडकच लागला आणि गावाने उरकुडाला खोटा ठरवलं.

त्याने सावकाश नजर खाली नेली. तटाची भर, मग काळी माती, मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. त्या अर्धवट विहिरीच्या तळाखाली खडकात एक तिरपी भेग होती. ती पाण्याने काठोकाठ भरलेली होती.

"पुंडलिकभाऊ, चारच हात राह्यले होते," तो म्हणाला.

पुंडलिकने चष्मा मागून घेतला आणि बराच वेळ पाहिलं.

"खोदणं मीच थांबवलं," तो म्हणाला. "तू तर हात जोडून सांगत होता, आणखी खोदा म्हणून."

"दगड कडक होता, भाऊ."

"चल पारावर. तुला हसणारे जेवढे उरले आहेत, त्यांना मीच सांगतो."

उरकुडाने चष्मा परत घेतला.

"जाऊ ना," तो म्हणाला, "पण आधी मला थोडा वेळ पाहू दे."