नदीची झील

धाम नदीचा पूर ओसरला. त्यानंतर गावात कोणी गायला लागलं, की प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ नदीकडून परत येऊ लागली. भजनात मागचे झील धरतात तशी, अगदी सुरात. लोकांनी गाणंच सोडलं.

कुमुदनं मात्र लेकीचं बारसं मांडलं.

"मुकाट्यानं कर, बाई," थोरली नणंद रुखमा म्हणाली. "नदीले पोरीचं नाव कळाले नको."

"कळू द्या, अक्का. पाळणा म्हटल्याशिवाय मी नाव ठेवत नाही." कॉलेज शिकलेली कुमुद बोलून गेली खरी, पण तिची नजर पाळण्यावरून हलत नव्हती.

ती एकटीच गायली, नाव न घेता. नदीकडून झील आली, आणि तिच्यात नाव आलं, सुनंदा. ते कुमुदनं अजून कोणालाच सांगितलं नव्हतं.

बारशाला आलेल्या बायका उठू लागल्या.

"बसा," कुमुद म्हणाली. "ते नाव नदीलाच राहू द्या."

कानात नाव सांगायचं आत्यानं, पण रुखमाचे ओठ हलेनात. मग कुमुदच वाकली, दुसरंच नाव कुजबुजली आणि पुन्हा मोठ्यानं गाऊ लागली.

कडवं संपलं. नदी गप्प होती.

झील पाळण्यातून आली.

कुमुदनं दोरी घट्ट धरली आणि पुढचं कडवं उचललं.