दोघांचा भात

विसेन्ता खुर्चीत टेकते न टेकते तोच वेटरने समोरची ताटली उचलली. पेला उचलला, काटा-चमचा उचलला.

"एकट्याच ना?"

"एकटीच."

बुर्गोसमध्ये अशीच उचलली होती, सारागोसात उचलली होती. तेरुएलच्या खाणावळीत तर समोरची खुर्चीच उचलून शेजारच्या टेबलाला लावली होती. गावं बदलत गेली, उचलणारे हात तेच. सत्तरी ओलांडलेल्या विसेन्ताने टेबलाखाली बुटांच्या नाड्या सैल केल्या. पाय पावासारखे फुगले होते.

रविवारची दुपार. वालेन्सियाच्या स्टेशनाजवळचं ते हॉटेल लेकुरवाळ्या घरांनी गच्च भरलेलं. टेबलाटेबलावर रुंद, उथळ कढया आणि त्यांच्याभोवती वाकलेली डोकी.

"भात आणा. ससा आणि कोंबडी घातलेला."

"भात दोघांपासून पुढे, बाई. एकट्याची कढई चढवत नाही आम्ही. मासा आणू? ताजा आहे."

एकट्या माणसाला सगळीकडे मासा देतात, नाहीतर आमलेट. ती काही बोलणार तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. रोसेर, थोरली.

"आई, वालेन्सियात उतरलीस आणि घरी नाही आलीस? गाडीने पाऊण तासही लागत नाही गं."

"उद्या कादिसला जायचंय. तिकीट काढलंय."

"काय करायचंय कादिसला? पाय सुजलेत ना? आवाजावरून कळतंय मला. पुरे झालं आता. इकडे चूल पेटलीय, सगळे आलेत. तुझा वाटा राखून ठेवते. येतेस की नाही, एवढं सांग."

विसेन्ताने डोळे मिटले. स्वतःचा पलंग आठवला, पलंगाखालच्या सपाता आठवल्या. हो म्हणावंसं वाटलं. अगदी ओठांवर आलं.

"जेवून सांगते," ती म्हणाली.

वेटर अजून उभाच होता. पिकलेल्या मिशांचा, बिनघाईचा माणूस.

"मग मासा?"

"दोघांचा भात करा."

"आणि दुसरं माणूस?"

"ते माझं मी बघते."

त्याने ताटली परत ठेवली. तिने ती बाजूला सारली. "ताटली नको. कढईतूनच खाते. लाकडी चमचा द्या."

वेटर हसला. "म्हणजे इकडच्याच तुम्ही. कुठल्या?"

"सुएकाच्या."

"सुएकाची, ऐन भातशेतीतली बाई आणि रविवारी परक्या चुलीचा भात? घरचा विटला वाटतं?"

"घरी माझी जागा ठरलेली आहे."

"कुठली?"

"दाराजवळची. उठायला बरी पडते."

वेटरची मिशी जराशी हलली. तो आत गेला.

भात यायला वेळ लागला. तोवर तिने पाव कुरतडला, खिडकीतून स्टेशनाकडे बघितलं. सुएकाची एक गाडी गेली असेल. दुसरी लागेल.

कढई आली. भात पिवळाधमक, थर बोटाएवढाच जाड, मधे रोझमेरीची काडी. तिने काडी काढली आणि काठापासून सुरुवात केली. आपल्या पुढ्यातलं खायचं, काठाकडून मध्याकडे जायचं, शेजाऱ्याच्या वाट्याला चमचा लावायचा नाही, हे तिला बोलता येण्याआधी आलं होतं. निम्म्या कढईत भाताची कड सरळ उभी राहिली, शेतातल्या बांधासारखी. तिच्या बाजूला मोकळं लोखंड, पलीकडे वाफाळलेलं शिवार.

मग तिने तळाची खरवड काढली. तांबूस, कुरकुरीत. भातातली सगळ्यात चवीची चीज. तिने ती चमच्याने लोटली, बांधापलीकडे.

लोटली, आणि हात थांबला.

समोर कोणी नव्हतं. आधी नवरा असायचा, फेर्मिन. तो वारल्यावर जावई, मग नातवंडं. पापुद्रा सुटला की पलीकडे लोटायचा. तिने स्वतः खरवड कधी खाल्ली होती? आठवायचा प्रयत्न केला. आठवेना.

फोन वाजू लागला. टेबलावर थरथरत तो कढईला जाऊन टेकला.

वेटर वळला. "बाई, फोन. आणि उरलेलं बांधून देऊ का? घरच्यांना होईल."

विसेन्ताने रुमाल घेतला. कढईचे दोन्ही कान धरले आणि कढई हळूच फिरवली. भरलेली बाजू तिच्याकडे आली, रिकामी समोर गेली.

"वाजू द्या," ती म्हणाली. "माझं अर्धंच झालंय जेवून."

आणि तिने चमचा थेट तळाला घातला. खरवड करकरली. शेजारच्या टेबलावरच्या पोरीने मान वळवून बघितलं.