इलावोताची पाच वर्षं

मंगळवार, दिनांक बारा ऑगस्ट, दुपारचे तीन. स्थळ, किरिविना बेटावरील मोयोबोवाच्या घराची ओसरी.

मोयोबोवाची पत्नी इलावोता आठ महिन्यांची गरोदर होती. मागच्या बाळंतपणात रक्तस्रावाने ती मरता मरता वाचली होती. समुद्रापलीकडच्या मोठ्या इस्पितळात जायला होडी भाड्याने घेण्याची ऐपत त्यांना तेव्हाही नव्हती, आताही नव्हती.

"हे बाळंतपण आम्ही आरोग्य केंद्रात सांभाळू," नर्स बोमदोगा म्हणाली. "पण पाठोपाठ पुन्हा दिवस गेले, तर ती वाचायची नाही. बाळ झालं की दंडात, कातडीखाली, दिवस न राहण्याच्या दोन बारीक कांड्या बसवते. फुकट. पाच वर्षं निर्धास्त."

"माझ्या दंडात बसवा," मोयोबोवा म्हणाला.

"सुई बघून पळशील तू," इलावोता हसली. मग गंभीर झाली. "सिस्टर, टुमा बेटावर गेलेली आमची मेलेली माणसं कुळातल्याच बाईच्या पोटी परत येतात. वाट अडवली तर रागावतील."

"थांबतील. समजूतदार असतात ती."

"पाच वर्षं फार होतात," दाराआडच्या सावलीतून एक म्हातारी म्हणाली.

नवराबायकोने तिकडे पाहिलेही नाही. म्हाताऱ्यांचे बोलणे कानाआड करण्याची तरुणांची रीत बोमदोगाला नवी नव्हती. परंतु घरातले एक माणूस जरी नाराज राहिले, तरी कांड्या महिन्याभरात काढाव्या लागतात, हा तिचा अनुभव होता. ती सावलीकडे वळली.

"आजी, नात जगायला नको का?"

"हवी. पण वाट बघून थकले गं."

"पाच वर्षांनी होईल की पुढचं बाळ. एवढी घाई कशाची?"

"तुला काय जातंय सांगायला? ना मूल, ना बाळ. परक्या कुळातली तू!"

"परकी कशी? माझी आई तुमच्याच कुळातली, आणि आपल्यात कूळ आईकडूनच चालतं. म्हणून हक्कानं सांगते, या पोरीवर आता भार नको."

म्हातारी उठली. तिने बोमदोगाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले आणि तिच्या पोटावर आपला थंड तळवा ठेवला.

"सिस्टर," मोयोबोवाने दबक्या आवाजात विचारले, "मघापासून कुणाशी वाद घालताय?"

"पटलं तुझं," म्हातारी म्हणाली. "हिला जगू दे. मी तुझ्याच पोटी येते."